मित्र न तोडता दारू मापात प्यायला कसं शिकावं?

तुम्ही लिहिलंय की रोज पीत नाही, पण भरीत पार्टीत किंवा लग्नात बसलात की थांबता येत नाही, आणि मित्रही तोडायचे नाहीत. मी यावल तालुक्यातला केळीवाला शेतकरी. सहा वर्षांपूर्वी माझी हीच गत होती.

मी सगळ्यांना सांगायचो, तीनच्या वर जात नाही. खोटं बोलत नव्हतो, मला तसंच वाटायचं. एकदा बायकोने विचारलं, “तीन म्हणजे किती?” मला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी मळ्यातल्या खोलीतला नेहमीचा स्टीलचा ग्लास घेतला, डोळ्याच्या अंदाजाने पेगएवढं पाणी ओतलं आणि 30 मिलीच्या मापाने मोजलं. तीन मापं भरली. माझे तीन पेग म्हणजे 270 मिली, दीड क्वार्टर!

30 मिली व्हिस्की किंवा रममध्ये साधारण 10 ग्रॅम अल्कोहोल असतं आणि तेवढं निपटायला यकृताला तासभर तरी लागतो, बऱ्याचदा जास्तच. म्हणजे रात्री आठला बसलो तर पहाटे पाचलाही ती पुरती उतरलेली नसायची, आणि मी पाचलाच केळीला पाणी द्यायला मोटारसायकल काढायचो. कायद्याची हद्द 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे. मी कितीदा ती ओलांडून पोराला पुढे बसवून गेलो असेन, हे आजही मनातून जात नाही.

बिअरला कमी समजू नका. 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची 650 मिलीची बाटली म्हणजे 30 मिलीचे चार छोटे पेग. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44 च्या पुढे जातो, तेव्हा तहानेला बिअर घेऊच नका. तिने लघवी वाढते आणि अंगातलं पाणी आणखी कमी होतं. आधी तांब्याभर पाणी प्या.

माझी पद्धत अशी. माप खिशात. दोन छोटे पेग, तेही जेवायला सुरुवात केल्यावर, कारण रिकाम्या पोटी ती लवकर चढते. ग्लास पूर्ण संपेपर्यंत कुणाला वरून ओतू द्यायचं नाही, नाहीतर हिशेबच राहत नाही. राऊंडमध्ये पैसे घालायचे नाहीत, घातले की वसूल करायचा मोह होतो. आणि घरून निघतानाच बायकोला आकडा सांगून जायचं. बैठकीत बसल्यावर ठरवलेला आकडा माझ्याकडून कधीच पाळला गेला नाही.

पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हेच माप मी माझ्या चुलतभावाला दिलं. त्याचे सकाळी हात थरथरायचे, घोटभर घेतली की थांबायचे. त्याला दोनवर राहता येईना, म्हणून त्याने चिडून एका दिवसात सगळी बंद केली. तिसऱ्या दिवशी त्याला फिटचा झटका आला. जळगावला दवाखान्यात न्यावं लागलं. शरीराला रोजची सवय लागली असेल तर एकदम सोडणं जिवावर बेतू शकतं, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं असतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तो आता अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडलेल्यांच्या गटाच्या बैठकांना जातो, थेंबही घेत नाही. त्याच्यासाठी मापात पिणं नव्हतंच.

म्हणून तुम्ही आधी एक करा. सकाळी थरथर, घाम, घोट घ्यावासा वाटणं यातलं काही होत असेल तर माझी पद्धत बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा, किंवा 14446 या मोफत व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर बोला. तसं काही नसेल तर 30 दिवस अजिबात घेऊ नका. ते जमलं तरच मापाचा विचार करा. आणि मापात म्हणजे निर्धोक असं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट सांगितलंय की आरोग्याच्या दृष्टीने दारूचं कोणतंच प्रमाण सुरक्षित नाही.

मित्रांचं म्हणाल तर माझा एकही तुटला नाही. पहिल्या हिवाळ्यात “एक घे ना भो” चाललं. मी भरताची बामणोदची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायचं काम अंगावर घेतलं. हात राखेने आणि सालींनी भरलेले असले की ग्लास धरायला कुणी सांगत नाही. आता ते काम माझंच आहे, आणि गेल्या वर्षापासून आणखी दोघं माझ्याबरोबर चुलीपाशी बसतात.