बिल्डिंग नवी होते, पण खालच्या वडापाववाल्याचं काय?

प्रश्न : आमची ठाण्यातल्या नौपाड्यातली चार मजली सोसायटी रिडेव्हलपमेंटला चाललीये. तळमजल्याला भाड्याच्या गाळ्यात वडापाव-भजीचं दुकान आहे, मी शाळेत असल्यापासूनचं. गाळा आमच्याच एका सभासदाचा. दुकानवाल्या काकांना बिल्डर म्हणतोय तीन वर्षांनी बघू. मीटिंगमध्ये बरेच जण म्हणाले नव्या बिल्डिंगखाली तळणीचा वास कशाला हवाय, आता काळ बदललाय. मला काही करता येईल का?
– एक वाचक, नौपाडा

उत्तर : ताई, करता येईल, पण अ‍ॅग्रीमेंटवर सह्या व्हायच्या आधी, नंतर फक्त हळहळ उरते. आपण सगळे म्हणतो की नव्या टॉवरमुळे जुनी दुकानं संपतात, पण मी ठाण्यात जे बघत आलोय त्यावरून सांगतो, दुकान बहुतेक वेळा मधल्या त्या तीन वर्षांतच संपतं. पत्रे लागतात, काका घरी बसतात किंवा लांब कुठेतरी गाळा घेतात, हाताखालचा पोरगा दुसऱ्याच्या कढईवर जातो, आणि संध्याकाळी ऑफिसातून येताना दोन वडे बांधून घेणारं गिऱ्हाईक दुसरीकडून घ्यायला लागतं. एकदा का ती सवय मोडली की नवीन गाळा मिळूनही उपयोग नसतो.

म्हणून पहिली मागणी ही करा की काम चालू असेपर्यंत त्यांना त्याच रस्त्यावर, निदान त्याच गल्लीत, तात्पुरती जागा मिळावी आणि तिचं भाडं कोण देणार ते कागदावर यावं. काका भाडेकरू आहेत, सभासद नाहीत, म्हणजे सभेत त्यांना मत नाही आणि नवा गाळा मिळणार तो मालकाला. तेव्हा बोलणी दोन ठिकाणी करावी लागतील. गाळ्याची सोसायटीने बिल्डरशी आणि काकांच्या परत येण्याची गाळामालकाशी, तीही लेखी. २०१९ च्या सरकारी नियमावलीप्रमाणे रिडेव्हलपमेंटच्या ठरावाला एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते, म्हणजे तुमच्यासारखे आठ-दहा जण एकत्र आले तर बिल्डरला ऐकून घ्यावंच लागतं.

आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते ती म्हणजे धुराडं. नव्या बिल्डिंगचा गाळा दिसायला चकाचक असतो पण एक्झॉस्टचा डक्ट गच्चीपर्यंत नेलेला नसेल तर तिथे तळण करता येत नाही, वरचे लोक तक्रार करतात आणि ती बरोबरच असते. मग वर्षभरात तिथे मोबाईलचं दुकान येतं. प्लॅन पास व्हायच्या आधी आर्किटेक्टकडून डक्ट दाखवून घ्या, गाळ्याचं तोंड रस्त्याकडे आणि फुटपाथच्या लेव्हलला आहे ना तेही बघा. तीन पायऱ्या चढून वडापाव खायला कोणी जात नाही हो, तो उभ्या उभ्या, पिशवी खांद्याला लावून खायचा पदार्थ आहे. वासाची काळजी करणाऱ्या सभासदांनाही हाच डक्ट दाखवा, अर्धा विरोध तिथेच मावळेल.

काळ बदलला म्हणणाऱ्यांना माझं एवढंच म्हणणं आहे, गजाननच्या वड्याबरोबरची ती पातळ पिवळी बेसनाची चटणी खायला लोक आजही नौपाड्यात येतात आणि कुंजविहारचा भलामोठा वडा खायला स्टेशनबाहेर थांबतात. चवीची मागणी कुठेही गेलेली नाहीये, जातेय ती जागा.

प्रश्न : आम्ही घोडबंदर रोडला राहतो. टॉवर, मॉल, गार्डन सगळं आहे, पण संध्याकाळी खाली उतरून पायी जाऊन काही खावं असं ठिकाणच नाही. जुन्या ठाण्याची ती मजा इकडे का येत नाही?
– एक वाचक, कासारवडवली

उत्तर : कारण तिकडे माणसं चालत नाहीत, म्हणजे चालायला रस्ताच ठेवलेला नाही. जुनं ठाणं बघा. १८५३ साली बोरीबंदरहून पहिली गाडी आली ते स्टेशन, तिथून पायी जांभळी नाक्याचा बाजार, कौपिनेश्वराचं देऊळ, मासुंदा तलाव, गडकरी रंगायतन, सगळं दहा-पंधरा मिनिटांच्या आत. भाजी घेतली, देवळात गेलो, तलावपाळीला भेळ खाल्ली, नाटकाला बसलो, आणि या प्रत्येक टप्प्यावर कोणी ना कोणी काहीतरी विकत उभा. मामलेदार मिसळीचं नावच मामलेदार कचेरीवरून पडलं, कामासाठी ताटकळलेल्या माणसाला भूक लागणारच की. वागळे इस्टेटमध्ये, रेमंडच्या गिरणीबाहेर, शिफ्ट सुटायच्या वेळेला गाड्या लागायच्या. कारखाने गेले, रेमंडच्या जागेवर टॉवर आले, तशा शिफ्टच्या गाड्याही गेल्या.

तुमच्याकडे माणूस लिफ्टने पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या मजल्यावर उतरतो आणि कारमधून थेट गेटबाहेर पडतो. रस्त्याच्या बाजूला लांबच लांब कंपाउंडची भिंत, ना ओटा ना दुकान. भिंतीसमोर गाडी लावून कोणाचं पोट भरणार. तरीही बसस्टॉपजवळ संध्याकाळी पाणीपुरी, डोसे, मोमो दिसतातच, आणि मोमोला नाकं मुरडणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही, वडापाव तरी कुठे शिवकालीन आहे, तो १९६०च्या दशकात दादरला आला.

आता वडाळा-कासारवडवली मेट्रोची स्टेशनं तुमच्या रस्त्यावर आहेत, म्हणजे जिन्यांवरून हजारो माणसं पायी उतरणार. जागा ठरवायची वेळ हीच. ठाणे स्टेशनला सॅटिसचा, म्हणजे बससाठीचा उंच पूल झाला, बस वर गेल्या आणि रेल्वेच्या पुलावरून माणूस खाली न उतरता थेट बसला जायला लागला, खालच्या धंद्यांचा विचार आधी कोणी केला होता? पुढे २०१७ साली मुंबईत एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) स्टेशनच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली, माणसं गेली, आणि हायकोर्टाने रेल्वे स्टेशनपासून १५० मीटरमध्ये फेरीवाले नकोत असं सांगितलं. ते पटण्यासारखंच आहे, जिन्याच्या तोंडाशी कढई नकोच. पण मग थोड्या अंतरावर पाणी, दिवा, कचऱ्याचा डबा असलेली आखलेली जागा द्यायला हवी, नाहीतर तोच माणूस अंधारात रस्त्याच्या कडेला उभा राहतो आणि दर आठवड्याला त्याची गाडी उचलली जाते.

२०१४ च्या फेरीवाला कायद्यात हे सगळं आहे. नगर पथविक्रेता समिती, तिच्यात निदान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडलेले आणि त्यांच्यातल्या एकतृतीयांश बायका, दर पाच वर्षांनी सर्व्हे, विक्रीचं प्रमाणपत्र. पन्नास वर्षांहून जुन्या बाजारातल्या विक्रेत्यांना हलवायचं नाही हेही त्याच्यात लिहिलंय, आणि हे जुन्या ठाण्यातल्या लोकांनी विशेष वाचावं. तुमच्या सोसायट्यांच्या फेडरेशनने महापालिकेला पत्र लिहून विचारा की आमच्या वॉर्डात विक्रीची जागा कुठे आखलीये. सोसायट्यांची पत्रं बहुतेक गाड्या हटवा म्हणून जातात, तुमचं जागा द्या म्हणून जाऊ दे.

प्रश्न : मुलं मॉलमधलंच खातात, गाडीवरचं घाण असतं म्हणतात. खरं आहे का?
– एक वाचक, चरई

उत्तर : सरसकट नाही. तेल काळं पडलंय का, पिण्याचं पाणी झाकलेलं आहे का, पैसे घेणारा हात आणि वडा देणारा हात एकच आहे का, एवढं बघा. गर्दीच्या गाडीवर माल पडून राहत नाही, घाण्यावर घाणा निघत असतो, ते बरं. एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी गाडीवाल्यालाही लागते, १४ अंकी नंबर असतो, बिनधास्त विचारा. नसेल तर कुठे करायची ते सांगा त्याला, फॉर्म ऑनलाइन असतो आणि तो भरून देणारा कोणी भेटत नाही म्हणूनच अनेकांचं राहतं. मुलांनाच बसवा फॉर्म भरायला.