म्यूकस: कफ, शेंबूड की श्लेष्मा?

विचारणा अशी आहे: अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या कॅथरिना रिबेक यांच्या संशोधनावरचा लेख मराठीत आणायचा आहे. त्यात 'म्यूकस'ला कफ म्हणावं, शेंबूड की श्लेष्मा? आणि त्याला 'जंतुनाशक' हे विशेषण चालेल का?

श्लेष्मा लिहा. 'जंतुनाशक' मात्र खोडाच, कारण त्या एका शब्दाने रिबेक यांचं काम उलटंपालटं होतं.

मराठीत या पदार्थाला शब्दांची वाण नाही. नाकातून आला तर शेंबूड, खाकरून काढला तर बेडका, छातीत साठला तर कफ, शौचावाटे पडली तर आव. पण हे सगळे शब्द बाहेर टाकायच्या घाणीचे, बहुतेक दुखण्यातले. धडधाकट माणसाच्या आतड्यावर, डोळ्यावर, गर्भाशयाच्या मुखाशी जो थर अहोरात्र असतो, त्याला बोलीत नाव नाही, कारण तो कुणाच्या नजरेला पडत नाही. रिबेक यांचा अभ्यासविषय नेमका हा थर आहे. 'कफ' म्हटलं की खोकला आठवतो, नाहीतर त्रिदोष. आयुर्वेदात श्लेष्मा हाही कफाचाच पर्याय आहे, हे खरं. पण 'श्लेष्मल त्वचा' शरीरविज्ञानाच्या पुस्तकांत रुळलेली असल्यामुळे वाचक तिथून या शब्दाकडे सहज येतो.

हा शब्द पुल्लिंगी आहे आणि 'आत्मा'सारखा चालतो: श्लेष्म्याचा, श्लेष्म्यात. 'श्लेष्मल' हे विशेषण, ते नाम म्हणून वापरू नका. मूळ धातू 'श्लिष्', म्हणजे चिकटणे, बिलगणे. श्लेष अलंकार, आश्लेष, विश्लेषण ही सगळी त्याच घरची मंडळी.

आता 'जंतुनाशक'. रिबेक यांची सुरुवात श्लेष्म्यापासून झालीच नव्हती. जर्मनीत हायडेलबर्गला डॉक्टरेट करताना पेशीकेंद्रकाच्या छिद्रांतून कोणते रेणू आत जातात आणि कोणते अडतात, हे त्या तपासत होत्या. त्या छिद्रांत प्रथिनांच्या धाग्यांचा एक जेल, म्हणजे थलथलीत, घट्टसर पदार्थ असतो, तो निवडून वाट देतो. श्लेष्माही असाच निवड करणारा जेल. त्यामुळे हार्वर्ड आणि पुढे 2010पासून एमआयटी असा त्यांचा प्रवास मला विषयांतर वाटत नाही; प्रश्न तोच राहिला, जेल तेवढा बदलला.

या जेलात बहुतांश पाणी असतं. त्याला घट्टपणा देतात ते म्यूसिन नावाचे लांबच लांब रेणू. मध्ये प्रथिनाचा कणा आणि चहूबाजूंनी शर्करांच्या आखूड साखळ्या, बाटली धुण्याच्या ब्रशासारखी रचना. या साखळ्यांना ग्लायकन म्हणतात. रिबेक यांच्या गटाने 2019मध्ये दाखवलं की स्यूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूवर म्यूसिनमधल्या ग्लायकनांचा परिणाम होतो तो त्याला न मारता: रोग घडवणारी त्याची जनुकं मंदावतात. 2022मध्ये कॅन्डिडा या बुरशीबाबतही तसंच आढळलं. ग्लायकनांच्या सान्निध्यात ती तंतुरूप, म्हणजे ऊतींत घुसणारं रूप, सहसा धरत नाही. जंतू जिवंत राहतो, उपद्रव थांबतो. म्हणून 'जंतूंना वेसण घालणारा' किंवा 'जंतूंना काबूत ठेवणारा' लिहा. 'माणसाळवणारा' मला फार आवडतो, पण तो वाचकाला प्राण्यांकडे नेतो.

'श्लिष्'चा अर्थ धरून "जंतू श्लेष्म्यात चिकटून अडकतात" असंही लिहून मोकळं व्हावंसं वाटेल. ती चिकट सापळ्याची कल्पना जुनी आहे, आणि कण-धुळीच्या बाबतीत ती खरीही आहे. पण याच गटाच्या आधीच्या प्रयोगांत म्यूसिनमध्ये सोडलेले स्यूडोमोनास पृष्ठभागाला चिकटून थर करण्याऐवजी सुटेच पोहत राहिले. तेव्हा जंतूंच्या वाक्यात 'चिकटणे' आणि 'अडकणे' ही क्रियापदं टाळा.

'शेंबूड' पूर्ण वगळू नका. मथळ्यात किंवा पहिल्या ओळीत तो खुशाल येऊ द्या, वाचकाला लगेच कळतं कशाबद्दल चाललंय. मग दुसऱ्या परिच्छेदापासून श्लेष्मा.