पिल्लाच्या बरगड्यांवर हात ठेवून

दादर, मुंबई

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. कुत्र्याच्या साडेचार महिन्यांच्या पिल्लाला दिवसाला किती खायला घालावे, हा तुझा प्रश्न एका ओळीचा आहे. त्याच्या आजूबाजूला तू जे लिहिले आहेस ते मला अधिक बोलके वाटले. कोरड्या अन्नाच्या पाकिटावरच्या तक्त्यात एक आकडा आहे, डॉक्टरांनी दुसरा सांगितला, सोसायटीचा वॉचमन ‘याला खायला घालत नाही का?’ असे रोज विचारतो, आणि पिल्लू तर वाटी चाटूनपुसून लखलखीत केल्यावरही तीच वाटी नाकाने ढकलत तुझ्या पायाशी आणून ठेवते. या चौघांपैकी कोणाचे खरे मानावे, हे तुला खरोखर विचारायचे आहे. माझे मत असे की चौघांचेही ऐकून घ्यावे, पण निकाल पिल्लाच्या शरीराकडून घ्यावा, आणि तोही नुसत्या डोळ्यांनी न घेता हाताने घ्यावा.

पिल्लू शांत उभे असताना त्याच्या मागे बस, दोन्ही तळवे छातीच्या दोन बाजूंना ठेव आणि बोटे फार दाब न देता बरगड्यांवरून मागेपुढे फिरव. जे जाणवेल ते ताडून पाहण्याचे साधन तुझ्याच हाताशी आहे. डावा हात टेबलावर पालथा पसर आणि उजव्या हाताचे बोट त्याच्या बोटांच्या मुळाशी आडवे फिरव. हाडे एकेक करून मोजता येतात, तरी वर एक पातळ, मऊ थर आहे हे कळते. बरगड्या अशा लागल्या तर पिल्लू योग्य तेवढे खाते आहे. आता त्याच हाताची मूठ वळ आणि तिच्या उंचवट्यांवरून बोट फिरव. बरगड्या इतक्या टोकदार लागत असतील तर अन्न कमी पडते आहे. मूठ सोडून हात उताणा कर आणि तळव्याच्या बाजूने तीच हाडे चाचपून पाहा. बरगड्या अशा दाबून शोधाव्या लागत असतील तर वाटी मोठी झाली आहे. पशुवैद्य याच परीक्षेला १ ते ९ असे गुण देतात आणि ४ किंवा ५ गुण योग्य मानतात. वरून पाहिल्यावर बरगड्यांच्या मागे कंबर थोडी आत गेलेली दिसावी आणि बाजूने पाहिल्यावर पोटाची रेषा मागच्या पायांकडे चढत गेलेली दिसावी. जेवण झाल्याबरोबर मात्र ही परीक्षा घेऊ नये, कारण तेव्हा कोणतेही पिल्लू पखालीसारखेच दिसते.

तुझे पिल्लू देशी आहे, म्हणजे आखूड केसांचे, लांब पायांचे आणि मुळातच शिडशिडीत. अशा पिल्लाच्या शेवटच्या एकदोन बरगड्या चालताना पुसटशा दिसल्या तर त्यात काही वावगे नाही. वॉचमनला ते खटकते, कारण बाळ म्हटले की बाळसे हवे अशी आपली समजूत आहे, आणि ती आपण कुत्र्याच्या पिल्लालाही लावतो.

ही समजूत मीही बाळगून होते. १९९० च्या दशकात आमच्याकडे एक लॅब्राडोर होता आणि सहाव्या महिन्यात त्याने तीस किलो गाठले, याचे आम्हाला कोण कौतुक! शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर लोक थांबून त्याच्या पाठीवर थोपटत आणि मी फुशारून जात असे. दोन महिन्यांनी तो आमच्या बिनलिफ्टच्या इमारतीचे जिने चढताना मागचे दोन्ही पाय ससा उडी मारतो तसे एकदम टाकू लागला. एक्स-रेमध्ये खुब्याचे सांधे सैल निघाले. तो दोष आनुवंशिक असतो, तो मी निर्माण केला नव्हता. पण कोवळ्या सांध्यांवर फाजील वजनाचा भार मात्र मीच चढवला होता. पुढे कुत्र्यांचे अन्न बनवणाऱ्या प्युरिना कंपनीच्या संशोधकांचा एक दीर्घ प्रयोग वाचनात आला. त्यांनी ४८ लॅब्राडोर पिल्लांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न आयुष्यभर दिले. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा कमी खाणाऱ्या गटाचे मध्यक आयुर्मान (म्हणजे गटातले निम्मे कुत्रे ज्या वयापलीकडे जगले ते वय) १३ वर्षे आणि दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे भरले होते. शिवाय कमी खाणाऱ्यांत खुब्याचे विकार कमी होते आणि सांध्यांची झीजही उशिरा सुरू झाली होती. याचा अर्थ पिल्लाला उपाशी ठेवावे असा नाही, हे तुला सांगायला नको. पण वाटी उचलताना आपल्या मनात उगाच जी अपराधाची भावना येते, तिला या आकड्यांनी थोडा आवर बसतो.

आता पाकिटावरच्या तक्त्याविषयी. तो खोटा नसतो, पण तो वाचताना माणसे हमखास फसतात. काही तक्ते पिल्लाच्या आजच्या वजनावर बेतलेले असतात, तर काही ते पूर्ण वाढल्यावर जेवढे होईल त्या वजनावर. कोणता रकाना कशासाठी आहे हे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. रस्त्यावरून उचलून आणलेल्या पिल्लाचे आईबाप आपण पाहिलेले नसतात, त्यामुळे दुसऱ्या प्रकारचा तक्ता तुला अंदाजानेच वापरावा लागेल. दुसरी फसगत अशी की लिहिलेले प्रमाण दिवसभराचे असते आणि लोक ते एका वेळचे समजतात. तिसरी फसगत वाटीची. तू लिहितेस, ‘दोन वाट्या घालते’. पण आमटीची वाटी वेगळी, खिरीची वेगळी, आणि तुझ्या आजीने शिगोशीग भरलेली तर त्याहून वेगळी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दिवसाचे अन्न सकाळीच ग्रॅममध्ये तोलून एका डब्यात काढून ठेवावे आणि दिवसभर कोणीही त्याच डब्यातून घालावे, म्हणजे एकच संध्याकाळचे जेवण आजीकडून एकदा आणि तुझ्याकडून एकदा होणार नाही.

डॉक्टरांचा आकडा कोठून येतो तेही समजून घे. वजनाचा किलोमधला आकडा ०.७५ या घातापर्यंत चढवून त्याला ७० ने गुणले की विश्रांतीच्या अवस्थेत लागणारी ऊर्जा मिळते. चार महिन्यांखालील पिल्लाला तिच्या सुमारे तिप्पट आणि त्यानंतर वाढ पुरी होईपर्यंत सुमारे दुप्पट ऊर्जा लागते. तुझे पिल्लू ७ किलोचे आहे, म्हणजे विश्रांतीची ऊर्जा साधारण ३०० आणि दिवसाची गरज ६०० किलोकॅलरी. त्याच्या कोरड्या अन्नाच्या १०० ग्रॅममध्ये ३८० किलोकॅलरी असतील, तर दिवसाला १६० ग्रॅमच्या आसपास, तीन जेवणांत विभागून. ही सुरुवात आहे असे समज. एकाच वेतातल्या दोन भावंडांची गरजही सारखी नसते. म्हणून दोन आठवड्यांनी बरगड्यांवर हात ठेवून हा आकडा दहा टक्क्यांनी वर किंवा खाली करावा. चार महिन्यांखाली चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि पुढे दोन वेळा, हा क्रम बहुतेक पिल्लांना मानवतो. नसबंदीनंतर ऊर्जेची गरज बरीच उतरते, तेव्हा त्या सुमारास आकडा नव्याने तपासावा.

या हिशेबात एक भोक असते आणि ते बहुधा गेटवर असते. वॉचमन प्रेमाने ग्लुकोज बिस्किटे देतो असे तू ओझरते लिहिले आहेस. अशा बिस्किटांच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ४५० किलोकॅलरी असतात; चार बिस्किटे म्हणजे वीसएक ग्रॅम, म्हणजे ९० किलोकॅलरी, म्हणजे पिल्लाच्या दिवसभराच्या अन्नाचा जवळजवळ सातवा हिस्सा, आणि तोही मैदा-साखरेचा. वरखाऊ पदार्थ एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नयेत. वॉचमनशी वाद घालू नकोस, त्याच्या हातात सकाळच्या डब्यातले दहा दाणे दे. देण्याचे सुख त्यालाही मिळेल आणि हिशेबही बिघडणार नाही.

दर रविवारी वजन कर आणि वहीत लिहून ठेव. पिल्लाला उचलून घेऊन वजनकाट्यावर उभे राहावे, मग एकटीने उभे राहावे आणि वजाबाकी करावी. आमच्या पहिल्या पिल्लाच्या वेळी घरात काटा नव्हता, म्हणून मी त्याला बाजाराच्या कापडी पिशवीत बसवून रद्दीवाल्याच्या हुकाच्या काट्याला टांगत असे. पिशवीतून फक्त डोके आणि दोन कान बाहेर, आणि रद्दीवाला गंभीरपणे काटा वाचून दाखवत असे. मध्यम बांध्याच्या पिल्लाचे वजन या वयात आठवड्याला साधारण २०० ते ५०० ग्रॅमने वाढते. एका आठवड्याच्या आकड्याने हुरळू नये आणि घाबरूही नये. चार आठवड्यांची रेघ कशी चढते ते पाहावे. हाताला पिल्लू ठीक लागते आणि रेघ सावकाश चढते आहे, तर सारे ठीक चालले आहे. सलग दोन आठवडे वजन थांबले, किंवा पोट नगाऱ्यासारखे आणि पाठीचा कणा मात्र वर आलेला असे दिसले, तर वाटी वाढवण्याआधी शी तपासून घे, कारण अशा वेळी वाढवलेले अन्न जंतांच्या पोटी जाते.

शीकडे एरवीही लक्ष असावे. ती घडीव असावी, कागदाने उचलता यावी. सकाळची घट्ट आणि दिवस चढेल तशी सैल होत असेल, तर अनेकदा अन्न थोडे जास्त होत असते. अन्न बदलायचे झाल्यास आठवडाभरात थोडे थोडे करून बदलावे.

मध्येच खाणे कमी झाले तर आधी तोंडात पाहा. चार ते सहा महिन्यांत दुधाचे दात पडतात, हिरड्या दुखतात आणि कडक दाणे नकोसे होतात. एखाद्या सकाळी केर काढताना तांदळाच्या दाण्याएवढा दात सापडेल. तो दिसला की चारदोन दिवस दाणे कोमट पाण्यात भिजवून दे. मे महिन्याच्या उकाड्यातही भूक मंदावते, तेव्हा पहाटे आणि रात्री उशिरा खायला घालावे. सध्याच्या पावसाळ्यात मात्र पिल्लाआधी दाण्यांचा वास घेऊन पाहा: आपल्याकडच्या दमट हवेत उघडे पाकीट आठवड्यात सादळते आणि बुरशीही धरते. स्वस्त पडते म्हणून दहा किलोची पिशवी आणू नकोस; छोटी आण आणि तिच्या मूळ पाकिटासकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव. वाटी पंधरावीस मिनिटे खाली ठेवावी आणि उरलेले उचलावे, नाहीतर भूक गेली की नुसता नखरा आहे हे कधीच कळत नाही.

आजीच्या दूधपोळीविषयी थोडे कडक लिहिते. तिने पोट भरते, पण वाढत्या हाडामांसाला लागणारी प्रथिने आणि खनिजे तिच्यातून पुरत नाहीत, आणि दुधाने पुष्कळ पिल्लांना जुलाब होतात. नुसत्या चिकन-भातातही कॅल्शियम फारच थोडे असते आणि त्यावर वाढलेल्या पिल्लांचे पाय वाकलेले मी पाहिले आहेत. उलट पिल्लांसाठीचे परिपूर्ण अन्न देत असताना वरून कॅल्शियमचे औषध पाजणेही तितकेच चुकीचे आहे, कारण कोवळ्या वयात जादा कॅल्शियम शरीराला पुरेसे नाकारता येत नाही. घरचेच घालायचे असेल तर प्रमाण पशुवैद्यांकडून लिहून घे. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट आणि शिजवलेली हाडे मात्र कोणाच्याही आग्रहाने देऊ नकोस.

एक वेळचे जेवण टाळून पिल्लू घरभर उड्या मारत असेल तर थांबता येते. पण ते खात नाही, मलूल पडले आहे, उलट्या होत आहेत किंवा शीमध्ये रक्त आहे, तर ती वेळ मला पत्र लिहिण्याची नाही; पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजारात काही तासही मोलाचे असतात. जवळचा दवाखाना बंद असला, तर परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय गाठता येईल. एकोणिसाव्या शतकापासूनच्या त्या रुग्णालयाला टॅक्सीवाले अजून बैलघोडा हॉस्पिटल म्हणूनच ओळखतात. तेथे फोन करून मगच नीघ.

या रविवारचे वजन, दाण्यांच्या पाकिटावरचा किलोकॅलरीचा आकडा आणि बरगड्या पालथ्या हातासारख्या लागल्या की मुठीसारख्या, एवढे तीन तपशील मला कळव. १६० ग्रॅमचे काय करायचे ते मग ठरवू.

तुझी,
दादरची मावशी