रेगेटॉनची सगळी गाणी एकाच ठेक्याची वाटतात, तरी लोकांना ती एवढी का आवडतात?

रेगेटॉन म्हणजे कॅरिबियन भागातलं, स्पॅनिशमधलं नाचायचं संगीत. त्याचा ठेका एकच असतो, हे तुमचं बरोबर आहे. पण मला तरी हे संगीत आवडतं ते त्या ठेक्यामुळेच.

टेबलावर वाजवून बघा. एक ते आठ मोजत राहा. डाव्या हाताची थाप एक आणि पाचवर, उजव्या हाताची चार आणि सातवर. डावा हात सरळ चाललेला असतो आणि उजवा दर वेळी थोडा लवकर येऊन त्याला ढकलतो. चार-पाच एकमेकांना चिकटून येतात ना, तिथेच मान हलायला लागते. रेगेटॉनचा हाच तो ठेका, डेम्बो. एक, चार, सात, म्हणजे तीन-तीन-दोन अशी मात्रांची वाटणी. कॅरिबियन बेटांवर ती आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या लोकांबरोबर पोचली आणि तिथल्या कितीतरी जुन्या संगीतात मुरलेली आहे.

म्हणूनच या ठेक्यावर काहीही चढवलं तरी ते उपरं वाटत नाही. डेम्बो हे नाव जमैकाचा गायक शाबा रँक्स याच्या नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या गाण्यावरून पडलं. पनामात कालवा खणायला गेलेल्या कॅरिबियन मजुरांची नातवंडं-पतवंडं जमैकाची ही गाणी स्पॅनिशमध्ये गाऊ लागली. एल हेनेराल हा गायक त्यांच्यातलाच. मग पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावर, राजधानी सान हुआनच्या डीजेंनी याच ठेक्यावर रॅप बसवलं आणि कॅसेटी हातोहात फिरल्या. १९९५ मध्ये पोलिसांनी दुकानांवर छापे घालून त्या जप्त केल्या. गरीब वस्तीतल्या पोरांच्या गाण्याला सरकार इतकं घाबरलं, याचा मला आजही राग येतो.

त्यानंतर या ठेक्यानं काय काय पोटात घेतलं बघा. लुनी ट्यून्स या संगीत निर्मात्यांच्या जोडीनं बचाता या डोमिनिकन संगीतातली गिटार आणली. २००४ चं डॅडी यांकी या गायकाचं 'गासोलिना' हे गाणं त्यांचंच काम. २०१७ च्या 'देस्पासितो' या गाण्याच्या सुरुवातीला जी तार झणझणते ती साधी गिटार नाही, कुआत्रो आहे, पोर्तो रिकोच्या खेड्यापाड्यातलं वाद्य. आणि पोर्तो रिकोचा गायक बॅड बनी याच्या २०२५ च्या अल्बममध्ये तर प्लेना हे तिथलं लोकसंगीत आणि साल्साही आहे. त्यातल्या साल्सासाठी सान हुआनच्या संगीत शाळेतली मुलं वाजवायला बसली आहेत.

माझा सगळ्यात लाडका मात्र पोर्तो रिकोचा रॅपर टेगो काल्देरॉन. 'लोइसा' या त्याच्या गाण्याला पोर्तो रिकोतल्या लोइसा गावाचंच नाव आहे. कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती असलेल्या या गावानं बोम्बा हे ढोलांवरचं जुनं नाच-संगीत जपलंय. बोम्बाचे ढोल पिंपाच्या आकाराचे, हाताने वाजवायचे. टेगोनं ते रॅपखाली घेतले आणि वर वर्णभेदाबद्दल थेट बोलला. नाचायच्या संगीतात एवढं मावतं, हे मला त्याच्यामुळे कळलं.

तेव्हा 'लोइसा'पासून सुरुवात करा. मोबाइलच्या स्पीकरवर नको, इअरफोन लावून ऐका. पहिल्यांदा शब्द सोडून द्या आणि फक्त ढोल कुठे पडतोय ते ऐका.