झूम-टीम्सच्या आधी ऑफिसच्या नेटवर्कवर व्हिडिओ कॉल होत होते का?

हो, अगदी १९९२ पासून. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात टिम डॉर्सी आणि सहकाऱ्यांनी अॅपलच्या मॅकिंटॉश संगणकांसाठी ‘सीयू-सीमी’ हे व्हिडिओ कॉलचं सॉफ्टवेअर तयार केलं; विंडोजवर ते १९९४ मध्ये आलं. त्या काळच्या मंद नेटवर्कवर ते चालायचं, कारण चित्र जेमतेम १६० बाय १२० ठिपक्यांचं आणि राखाडीच्या १६ छटांचं होतं. शिवाय चित्राचे छोटे चौकोन पाडून फक्त बदललेले चौकोन पाठवले जायचे. म्हणजे ओठ हलले की तेवढाच भाग जाणार, मागची स्थिर भिंत दरवेळी नाही. फार हुशारीची युक्ती होती ती! दोनापेक्षा जास्त जण असतील तर मध्ये ‘रिफ्लेक्टर’ (एकाचं चित्र बाकीच्यांना पोचवणारा प्रोग्राम) चालवणारं, युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिमचं मशीन लागायचं. मात्र सुरुवातीला त्यात फक्त चित्र दिसायचं, आवाजाची सोय नंतर आली.