ऑर्थोच्या जागेसाठी राहते घर तारण ठेवावे का?

प्रश्न: मी डोंबिवलीत राहते. एमबीबीएस आणि इंटर्नशिप पूर्ण झाली आहे. नीट पीजी या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर ऑर्थोपेडिक्सच्या (अस्थिरोग) दोन जागा आवाक्यात दिसतात. एक नवी मुंबईकडच्या अभिमत विद्यापीठात एमएसची, फी वर्षाला ४० लाख रुपये. दुसरी मुंबईतल्या एका धर्मादाय रुग्णालयात डीएनबीची (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदव्युत्तर पदवी), फी वर्षाला सव्वा लाख. बाबा दोन वर्षांनी निवृत्त होतील. साठवलेल्या पैशांतून ४५ लाख देऊन उरलेल्या ७५ लाखांसाठी राहते घर तारण ठेवायला ते तयार आहेत. धाकटा भाऊ इंजिनीअरिंगला आहे. काय करावे?

उत्तर: डॉक्टर, प्रथम कर्जाचा हिशेब मांडू, कारण घरात तो बहुधा फक्त मुद्दलाचा झाला असावा. दरवर्षी २५ लाख उचलले, व्याजदर साडेदहा टक्के धरला आणि शिक्षणाची तीन वर्षे व त्यानंतरचे एक वर्ष अशा सवलतीच्या काळात केवळ सरळ व्याज लागले, तरी हप्ते सुरू होताना डोक्यावर सुमारे ९८ लाख ६० हजार रुपये असतील. दहा वर्षांत फेडायचे म्हटले तर महिन्याला सुमारे १ लाख ३३ हजार आणि पंधरा वर्षांत फेडायचे म्हटले तर सुमारे १ लाख ९ हजार. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात वजावट मिळते हे खरे, पण ती फक्त जुन्या करप्रणालीत आणि जास्तीत जास्त आठ वर्षे मिळते. पंधरा वर्षांच्या कर्जात पुढचे व्याज त्या सवलतीविनाच भरावे लागेल. शिवाय पहिला हप्ता जाईल तेव्हा आपले वडील निवृत्त होऊन दोन वर्षे झालेली असतील.

हा हप्ता नेमक्या कोणत्या वर्षांत येतो, तेही पाहावे. ऑर्थोमध्ये एमएस किंवा डीएनबी झाल्यावर अनेक जण सांधेरोपण, आर्थ्रोस्कोपी (दुर्बिणीतून सांध्याची शस्त्रक्रिया) किंवा मणक्याची एखादी फेलोशिप करतात आणि त्या काळात हाती येणारे विद्यावेतन बेताचेच असते. त्यानंतर कल्याण-डोंबिवलीतल्या दोन-तीन नर्सिंग होमशी जोडून घेणे, रात्री-अपरात्री फ्रॅक्चरसाठी धावणे आणि परिसरातल्या फॅमिली डॉक्टरांचा विश्वास मिळवणे यांत आणखी काही वर्षे जातात. अशा वेळी महिन्याच्या पाच तारखेला सव्वा लाखाच्या आसपास रक्कम ठरलेली द्यायची असेल, तर ‘सध्या प्लास्टर पुरेसे आहे, ऑपरेशन नको’ असे रुग्णाला सांगणे जड जाऊ लागते. हे मी केवळ पैशांचा सल्लागार म्हणून सांगत नाही.

आता या पैशांत नेमके काय विकत मिळते, ते पाहू. एमएस आणि डीएनबी या दोन्ही पदव्यांना व्यवसायासाठी सारखीच मान्यता आहे. पुढे वैद्यकीय महाविद्यालयात शिकवण्याचा विचार असेल, तर मात्र त्या वेळचे नियम वाचून घ्यावेत. सर्जनची खरी मिळकत तीन वर्षांत स्वतःच्या हाताने केलेल्या शस्त्रक्रिया हीच असते. म्हणून दोन्ही ठिकाणी प्रत्यक्ष जा आणि विभागप्रमुखांऐवजी दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला (तिथे शिकणाऱ्या निवासी डॉक्टरला) ओपीडी संपल्यावर कँटीनमध्ये गाठा. कटिंग, म्हणजे स्वतः शस्त्रक्रिया करण्याची संधी, कोणाला मिळते, आठवड्यात इमर्जन्सीचे दिवस किती, खुब्याच्या फ्रॅक्चरला रेसिडेंट स्वतः हात घालतो की जखम उघडी ठेवणारा रिट्रॅक्टर धरून नुसता उभा राहतो, हे विचारा आणि शक्य झाल्यास त्याचे लॉगबुक (केलेल्या शस्त्रक्रियांची नोंदवही) पाहा. विद्यावेतन जाहीर केल्याप्रमाणे खात्यात जमा होते का, हेही त्याच बैठकीत कळेल. ऑर्थो मुलींसाठी नाही, असे नातेवाईक म्हणत असतील तर तो मुद्दा आर्थिक नाही म्हणून मी सोडून देतो. मात्र त्या युनिटमध्ये मुली आहेत का आणि रात्रीच्या ड्युटीसाठी कडी लागणारी वेगळी खोली आहे का, एवढे अवश्य पाहावे.

धर्मादाय रुग्णालयाबाबत एक प्रश्न कळीचा आहे. शीवच्या किंवा केईएमच्या कॅज्युअल्टीत रेल्वे आणि रस्ते अपघातांचे रुग्ण येत राहतात, त्यामुळे तिथल्या रेसिडेंटला कामाची वाण पडत नाही. ट्रस्टच्या रुग्णालयात बरेच रुग्ण कन्सल्टंटचे खासगी असतात आणि त्यांच्यावर विद्यार्थ्याला सुरी क्वचितच चालवू दिली जाते. तथापि राज्यातल्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखून ठेवाव्या लागतात. त्या खाटा प्रत्यक्षात भरलेल्या असतात का आणि तिथे महात्मा फुले जन आरोग्य योजनेतले ऑर्थोचे रुग्ण येतात का, यावर आपल्या तीन वर्षांचे मोल ठरेल. हाच निकष अभिमत विद्यापीठालाही लावावा. ४० लाख फी घेणाऱ्या रुग्णालयाचा ऑर्थो वॉर्ड दुपारी अकरा-बारा वाजता अर्धा रिकामा दिसला, तर आणखी काही विचारण्याची गरज नाही.

माझे मत स्पष्ट आहे: घर तारण ठेवू नये आणि वडिलांच्या ४५ लाखांना हात लावू नये. डीएनबीच्या तीन वर्षांची फी पावणेचार लाख होते. विद्यावेतनातून ती भागते आणि आपल्या धाकट्या भावाची फीही अडत नाही. लॉगबुक समाधानकारक असेल, तर ही जागा घ्यावी. ते अगदीच निराशाजनक निघाले, तर एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा देण्याचा पर्याय उरतो, पण त्याची किंमत आरएमओच्या (रुग्णालयातल्या निवासी वैद्यकीय अधिकाऱ्याच्या) एका वर्षाच्या पगाराएवढी समजू नये. कारकिर्दीतले एक वर्ष कमी होते आणि ते भर कमाईच्या काळातले असते. तरीही एक कोटी वीस लाखांपेक्षा ते स्वस्तच पडेल, असे मला वाटते.

प्रवेशासाठीची आपली पसंतीयादी अजून लॉक झालेली नाही, म्हणून एक सूचना. अभिमत विद्यापीठाच्या जागांसाठी समुपदेशनात, म्हणजे जागावाटपाच्या प्रक्रियेत, दोन लाख रुपये अनामत भरावी लागते आणि दुसऱ्या फेरीपासून मिळालेली जागा नाकारल्यास ती बुडू शकते. जिथे जायचे नाही, ते नाव ‘असू द्या, मिळाले तर बघू’ म्हणून यादीच्या तळाशीसुद्धा ठेवू नका. जागा सोडल्यास लागणारा दंड व पुढच्या परीक्षांवरील बंदी यांचे नियम आणि रुग्णालयाच्या बंधपत्राचा मजकूर, हे सर्व वडिलांसोबत बसून रुजू होण्याआधी वाचावे.