शिरेतून देतात त्या भुलीच्या औषधांनी अंगातला दाह वाढतो का कमी होतो? किडनी-लिव्हरला त्यानं धक्का बसतो का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचं आतडं फुटलं म्हणून रातोरात ऑपरेशन झालं, तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन (किडनी नीट चालत नसली की रक्तात वाढतं ते) वाढलेलं निघालं, भेटायला आलेल्या पाहुण्यांपैकी एकजण म्हणला 'भुलीचा डोस जास्ती झाला, त्यानंच किडनी गेली' आणि पुतण्यानं व्हिडिओ पाठवला की प्रोपोफॉल हे भुलीचं औषध तर उलट दाह कमी करतं, अवयव वाचवतं. दोघांतलं खरं कोण, असा तुमचा प्रश्न. मी लातुरात भूल द्यायचंच काम करतो, चौदा वर्षं झाली, त्यामुळं जरा लांबण लागेल, पण सांगतो. माझ्या मते दोघंही चुकीच्या जागी बोट ठेवायलेत.

आधी एक गोष्ट. दाह म्हणजे इजा झाली किंवा जंतू शिरले की अंगात उठणारी खळबळ, इंग्रजीत इन्फ्लमेशन. तो भुलीनं सुरू होत नाही, तो पोट फुटलं तेव्हाच सुरू झालेला असतो. आतड्यातली घाण पोटात सांडली, पेशी मेल्या, की अंगातल्या पांढऱ्या पेशी तिकडं धावतात आणि टीएनएफ, इंटरल्युकिन-६ असली रसायनं सोडतात. ही रसायनं म्हणजे गावात दवंडी दिल्यासारखं आहे, थोडी दिली तर माणसं मदतीला येतात, दिवसरात्र चालू राहिली तर चेंगराचेंगरी होते. रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यातून पाणी झिरपतं, बीपी पडतं आणि किडनी, फुप्फुस, लिव्हर यांना रक्त कमी पडायला लागतं. वरून अजून एक भानगड असते. रक्त काही वेळ कमी पडून मग परत सुरू झालं की नुकसान थांबायच्या ऐवजी थोडा वेळ वाढतं. लातूरकरांना हे सांगायला सोपंय, दहा दिवसांनी नळाला पाणी आलं की पहिली बादली गढूळच निघते ना, तसं ऑक्सिजन परत आल्याबरोबर पेशीतून फ्री रॅडिकल नावाचा गढूळ माल निघतो आणि तो आसपासच्या पेशी जाळतो.

आता प्रोपोफॉल. आमच्या ओटीत त्याला सगळे दूधच म्हणतात, दिसतंच तसं, सिस्टरला 'दूध भर' म्हणलं की तिला कळतं. इंग्लंडात आयसीआय कंपनीत जॉन ग्लेन नावाचे मूळचे जनावरांचे डॉक्टर होते, त्यांच्या टीमनं ते शोधलं, १९७७ ला माणसात वापरून बघितलं पण ज्या द्रावणात विरघळवलं होतं त्याची ॲलर्जी यायला लागली म्हणून मागं घेतलं, मग सोयाबीन तेल आणि अंड्याच्या बलकातलं लेसिथिन वापरून हे दूध तयार केलं ते १९८६ ला बाजारात आलं. म्हणजे आपण लातुरात ज्या सोयाबीनच्या भावावरून रडतो त्याच्याच तेलात तुमच्या वडिलांची भूल होती. २०१८ ला ग्लेन यांना लास्कर हा वैद्यकातला मानाचा पुरस्कारही मिळाला. त्याच्या रेणूची बांधणी व्हिटॅमिन ईशी थोडी मिळतीजुळती आहे, म्हणून फ्री रॅडिकल टिपायचा गुण त्यात आहे, आणि प्रयोगशाळेत पांढऱ्या पेशींवर टाकलं की त्या कमी खवळतात, टीएनएफ कमी सोडतात. पुतण्याचा व्हिडिओ इथपर्यंत बरोबरच आहे.

पण त्याच दुधाची दुसरी बाजू व्हिडिओत नसते. ते तेल जंतूंनाही आवडतं. १९९० च्या आसपास अमेरिकेत काही हॉस्पिटलांत ऑपरेशननंतर पेशंटला ताप, रक्तात जंतू असं व्हायला लागलं आणि शोध घेतला तर सिरिंजमध्ये भरून तासन्‌तास ठेवलेलं प्रोपोफॉल निघालं. दाह कमी करणारं औषध, तेच दाहाचं घर झालं. म्हणून मी सिरिंज भरली की लगेच पट्टी चिकटवून मार्करनं वेळ लिहितो, सहा तास झाले की अर्धी भरलेली असली तरी कचऱ्यात. नवीन पोरं म्हणतात सर वाया चाललंय, मी म्हणतो जाऊ दे.

आणि डोसचं म्हणाल तर पाहुण्यांचं म्हणणं एका ठिकाणी लागू पडतं, पण ते ऑपरेशनच्या दोन-तीन तासांना नाही. आयसीयूत पेशंट व्हेंटिलेटरवर आहे, किलोमागं तासाला ४ मिलिग्रॅमच्या वर, ४८ तासांच्या पुढं प्रोपोफॉल चालू राहिलं तर क्वचित पेशीतली ऊर्जेची भट्टीच बंद पडते, रक्त आंबट होतं, स्नायू वितळतात, त्याचा गाळ किडनीत अडकतो आणि हृदय थकतं. १९९२ ला इंग्लंडातल्या डॉक्टरांनी अशी पाच लेकरं गेल्याचं लिहिलं तेव्हा जग जागं झालं. म्हणून आता लहान मुलांना आयसीयूत झोपवून ठेवायला ते टाळतात, मोठ्यांत डोसवर नजर ठेवतात.

केटामिन. हे गरिबाघरचं औषध, १९६४ ला पहिल्यांदा माणसाला दिलं, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत आहे आणि ग्रामीण हॉस्पिटलात आजही तेच तारतं, कारण बीपी शक्यतो पडू देत नाही. ऑपरेशननंतरचं इंटरल्युकिन-६ थोडं कमी राहतं असं बऱ्याच छोट्या अभ्यासांत दिसलंय. लोकांना वाटलं मग म्हाताऱ्या माणसांचं ऑपरेशननंतर बरळणंही यानं कमी होईल. २०१७ ला सहाशेच्या वर पेशंटांवर बघितलं, बरळणं काही कमी झालं नाही, उलट भास आणि वाईट स्वप्नं वाढली.

एटोमिडेट या भुलीच्या औषधाची गोष्ट मला विद्यार्थी असताना सगळ्यात जास्त खटकली होती. बीपी फारसं हलवत नाही, कमजोर हृदयाला एकदम गुणी औषध. मग आयसीयूत त्याची सलाईन चालू ठेवून पेशंट झोपवायला लागले आणि १९८३ ला ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी लॅन्सेटला पत्र लिहिलं की आमच्याकडं अपघाताचे पेशंट जास्त मरायलेत. कारण निघालं ते असं की किडनीच्या डोक्यावर ज्या ॲड्रेनल ग्रंथी असतात त्यांचं कॉर्टिसॉल बनवायचं एक एन्झाइम हे औषध बंद करतं, आणि कॉर्टिसॉल म्हणजे आपलं घरचं दाहशामक. घरचा राखणदारच झोपवला की! भूल द्यायला एक डोस अजून वापरतात, पण सेप्सिसच्या, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनलेल्या, पेशंटला मी हात आखडता घेतो.

डेक्समेडेटोमिडिन या गुंगीच्या औषधावर सध्या लई प्रेम आहे, कॉन्फरन्सला गेलं की चार पोस्टर त्याचीच. व्हेगस नावाच्या नसेतून ते प्लीहेपर्यंत 'शांत व्हा' असा निरोप पोचवतं असं प्राण्यांत दिसलंय, उंदरांच्या किडन्या वाचतात. माणसांत मात्र २०१९ ला आयसीयूतल्या सुमारे ४००० पेशंटांवर पाहिलं तर ९० दिवसांत दगावणाऱ्यांचं प्रमाण हे औषध दिलेल्या आणि नेहमीची गुंगीची औषधं दिलेल्या, दोन्ही गटांत २९.१ टक्के, दशांशापर्यंत सारखं. सेप्सिसमध्ये प्रोपोफॉलसमोर उभं केलं २०२१ ला, तिथंही फरक नाही. नाडी मात्र मंद करतं, हे रोज बघतो. वासाची भूल बरी का शिरेतली, हेही बायपासच्या ५४०० पेशंटांवर २०१९ ला तपासलं, वर्षभरात गेलेले २.८ आणि ३.० टक्के. म्हणजे काहीच नाही.

हे असं का होतं? उंदराला आधी औषध देऊन मग मोजून अर्धा तास किडनीची नस बांधतात, तो तरणाबांड असतो, त्याला शुगर नाही, बीपी नाही, तंबाखू नाही. आपल्याकडचा पेशंट कसा येतो ते सांगतो.

मागच्या उन्हाळ्यात औश्याकडचे एक मामा आले, साठीच्या पुढचे, पोट तीन दिवसांपासून दुखायलेलं. गावात दोन वेळा दुखणं थांबायचं इंजेक्शन घेतलेलं, पाणी पचत नव्हतं, त्यात मे महिना. टेबलवर घेतलं तेव्हा जीभ खरखरीत, हात गार, वरचं बीपी ७८. कॅथेटर टाकला तर पिशवीत चमचाभर लघवी, कोऱ्या चहाच्या रंगाची. भुलीचा एक थेंब जायच्या आधीच क्रिएटिनिन २.४ होतं. अशा माणसाला मी प्रोपोफॉलचा नेहमीचा डोस दिला असता तर टीएनएफ कमी व्हायच्या आधी हृदयच थांबलं असतं. आधी सलाईन, अँटिबायोटिक, बीपी वर धरणारं नॉरॲड चालू केलं, मग केटामिन तेही अर्ध्या डोसात, कारण इतका थकलेला पेशंट केटामिननंही कोसळू शकतो. पुढचे अडीच तास माझं लक्ष सर्जनकडं कमी आणि बीपीच्या आकड्याकडं जास्त होतं. सरासरी बीपी ६५ च्या खाली जितका जास्त वेळ राहतं तितका किडनीला आणि हृदयाला इजा व्हायचा धोका वाढत जातो, हे मोठमोठ्या नोंदींमध्ये पुन्हापुन्हा दिसलंय. टाके घालताना पिशवीत तासाला ३० मिली यायला लागली तेव्हा मला जरा हायसं वाटलं. बाहेर त्यांचा लेक पहिलं हेच म्हणला, "सायेब, भूल जास्ती नाही ना दिली?"

तर तुमच्या वडिलांबद्दल. केस न बघता मी निदान करणार नाही, पण भुलीच्या औषधानं थेट किडनी जाळली हे मला सगळ्यात शेवटचं कारण वाटतं. त्याआधी बघायच्या गोष्टी: ऑपरेशनच्या आधीचं क्रिएटिनिन किती होतं, डायक्लोफेनॅकसारखी दुखणं थांबायची इंजेक्शनं किती झाली, सीटी स्कॅनला डाय दिला होता का, अमिकासिन हे अँटिबायोटिक चालू आहे का, आणि टेबलवर बीपी किती वेळ खाली होतं. भूल देताना औषधानं बीपी पडतं हे खरंय, तेवढा आमचा वाटा असतो आणि तो सांभाळणं आमचंच काम, ते मी नाकारत नाही. पण जंतूंनी पाडलेलं बीपी आणि भुलीनं पाडलेलं बीपी यात दुसरं पाच-दहा मिनिटांत वर आणता येतं, पहिलं दिवसदिवस भांडतं.

फाईलमध्ये भुलीचा वेगळा कागद असतो, त्यावर पाच-पाच मिनिटांचं बीपी आणि कोणतं औषध किती दिलं ते लिहिलेलं असतं. त्याची झेरॉक्स मागा, तो तुमचा हक्कच आहे, आणि ज्यांनी भूल दिली त्यांना भेटून विचारा. भांडायला जाऊ नका, नुसतं विचारा. पेढे सर्जनला मिळतात, आमच्याकडं कोणी येतच नाही, त्यामुळं आलेल्याला आम्ही निवांत बसवून सांगतो. आणि आता वेदनेसाठी काय चालू आहे ते आजच सिस्टरला विचारा, त्यात डायक्लोफेनॅक किंवा किटोरोलॅक असेल तर राऊंडला डॉक्टर आले की किडनीचा रिपोर्ट हातात धरून ते बंद करता येईल का म्हणा. लघवी तासाला किती येतेय अन् क्रिएटिनिनचे तिन्ही दिवसांचे आकडे काय आहेत ते इथं लिहिलंत तर पुढचं सांगतो.